लाइट आली की तीन नंबर उघडतो: ठिबक कंट्रोलरमधल्या पिनमक्सचे एक प्रकरण

रावेर तालुक्यातली चार एकर केळी, एकराचा एक असे चार प्लॉट आणि प्रत्येक प्लॉटच्या सबमेनवर एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह. विहिरीवरच्या खोलीत स्टार्टरशेजारी कंट्रोलरचा डबा बसवलेला. लाइट रात्रपाळीची असल्यामुळे स्टार्टर ऑटोवर ठेवलेला, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. कंट्रोलरने वेळापत्रकाप्रमाणे एकेक व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, एवढेच त्याचे काम. शीर्षकातला पिनमक्स म्हणजे चिपच्या एकाच पिनला शक्य असलेल्या अनेक कामांपैकी कोणते द्यायचे याची निवड.

तक्रार एका वाक्याची होती: "भाऊ, लाइट आली का तीन नंबर आपोआप चालू होतो, अन् मोबाइलवर तर बंद दिसतो."

या तक्रारीचे वजन कळण्यासाठी थोडा हिशेब. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी साधारण 1740 झाडे बसतात. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर धरले तर प्लॉटला तासाला जवळपास 13,900 लिटर पाणी जाते. आठ तास लाइट राहिली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर एक लाख अकरा हजार लिटर. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला 20 लिटर धरले तरी त्या प्लॉटची गरज 35,000 लिटरच्या आसपास आहे. काळ्या भारी जमिनीत तिप्पट पाणी गेले की मुळांची हवा कोंडते, आणि व्हेंच्युरीने दिलेले खत मुळांच्या थराखाली निघून जाते. शिवाय दोन व्हॉल्व्ह एकदम उघडे असले की लाइनचा दाब पडतो, म्हणजे ज्या प्लॉटची पाळी असेल त्यालाही पाणी कमीच मिळते.

डब्यात काय आहे

मायक्रोकंट्रोलर एसटीएम32एफ411, 48 पिनांचा. त्यावर झेफर ही रिअलटाइम ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या आधी एमसीयूबूट हा बूटलोडर, म्हणजे पॉवर आल्यावर सर्वांत आधी चालून मुख्य प्रोग्राम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. व्हॉल्व्ह 12 व्होल्टचे लॅचिंग प्रकारचे आहेत: एका दिशेने छोटा पल्स दिला की उघडतात, उलट दिशेने दिला की बंद होतात, मधल्या काळात करंट लागत नाही. पल्सची दिशा बदलण्यासाठी प्रत्येक व्हॉल्व्हला एक डीआरव्ही8871 एच-ब्रिज, म्हणजे व्हॉल्व्हमागे कंट्रोलरच्या दोन पिना: एक 'उघड', एक 'बंद'.

पिनांची वाटणी अशी होती (पीबी0 म्हणजे पोर्ट बी ची शून्य क्रमांकाची पिन; यूएसएआरटी आणि एसपीआय हे चिपमधले डेटा देण्या-घेण्याचे विभाग). एक नंबरला पीबी0 आणि पीबी1. दोन नंबरला पीए4 आणि पीए5. तीन नंबरला पीबी4 आणि पीबी5. चार नंबरला पीए6 आणि पीए7. जमिनीतल्या ओलाव्याच्या सेन्सरची आरएस-485 लाइन यूएसएआरटी2 वर, पीए2 आणि पीए3, तिची दिशा ठरवणारी पिन पीए1. मोडेम यूएसएआरटी1 वर. नोंदी साठवणारी फ्लॅश एसपीआय2 वर, पीबी12 ते पीबी15. घड्याळासाठी 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल पीसी14 आणि पीसी15 वर.

ज्याला हा चिप चांगला माहीत आहे तो ही यादी वाचताना पीबी4 वर थांबेल.

संशय कुठे गेला आणि तो का चुकला

आधी सगळ्यांचा संशय वेळापत्रकाच्या कोडवर गेला, आणि त्याला कारणही होते. जुन्या फर्मवेअरवर हाच बोर्ड महिनोन्‌महिने नीट चालला होता. दुरून अपडेट पाठवता यावा म्हणून नवीन आवृत्तीत बूटलोडर घातला आणि त्यानंतर तक्रार सुरू झाली. नवीन कोड आला, बिघाड आला, म्हणजे दोष नवीन कोडमध्ये असणार, असा सरळ विचार झाला. पण लॉग पाहिला तर तीन नंबरला 'उघड' हुकूम एकदाही गेलेला नव्हता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने व्हॉल्व्ह बंदच होता, मोबाइलवर तेच दिसत होते आणि ते सॉफ्टवेअरच्या बाजूने खरेही होते.

टेबलावर बिघाड दिसत नव्हता. तिथे बोर्डला डीबगर (चिपच्या आत काय चालले आहे ते पाहण्याचे उपकरण) जोडलेला, पॉवर दिवसभर चालू, आणि नवा कोड भरताना बहुतेक वेळा बूटलोडरशिवायची आवृत्ती भरली जायची. शेतात मात्र दर वेळी लाइट जाते, डबा पूर्ण थंड होतो आणि लाइट आल्यावर शून्यापासून उठतो. टेबल आणि शेत यांच्यातला खरा फरक हाच होता.

मल्टीमीटरने केलेली पाच मिनिटांची तपासणी

अशा तक्रारीत पहिली तपासणी कोड उघडण्याआधी करावी. एच-ब्रिजच्या इनपुटवर मल्टीमीटरचा लाल प्रोब, काळा ग्राउंडला. बोर्डला पॉवर द्यायची आणि रिसेटचे बटण दाबून धरायचे. बटण दाबलेले असताना प्रोसेसर एकही सूचना चालवत नाही, त्यामुळे पिनवर जे काही दिसेल ते पूर्णपणे हार्डवेअरचे असते. आठही पिना एकामागून एक मोजायच्या.

सात पिनांवर शून्य आले. पीबी4 वर 2.3 व्होल्टच्या जवळ.

हा आकडा कुठून आला ते डेटाशीटमधून थेट निघते. पीबी4 ही जेटॅगची, म्हणजे डीबगर जोडण्याच्या जोडणीची, रिसेट लाइन आहे, एनजेटीआरएसटी. एसटीएम32एफ4 मालिकेत रिसेटनंतर पीए13, पीए14, पीए15, पीबी3 आणि पीबी4 या पाच पिना साध्या इनपुट नसतात. त्या डीबगरच्या ताब्यात असतात. त्यातल्या पीए13, पीए15 आणि पीबी4 वर आतला पुलअप (पिनला 3.3 व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) चालू असतो, पीए14 वर पुलडाउन (ग्राउंडकडे ओढणारा). आतला पुलअप 30 ते 50 किलोओहमचा, ठरावीक किंमत 40. एच-ब्रिजच्या इनपुटला आत 100 किलोओहमचा पुलडाउन आहे. दोघांचा विभाजक झाला: 3.3 गुणिले 100 भागिले 140, म्हणजे 2.36 व्होल्ट. एच-ब्रिज 1.5 व्होल्टच्या वर 'हाय' धरतो. पीबी5 तरंगती (कुठल्याच बाजूला न ओढलेली) असल्यामुळे तिला ब्रिजच्या आतल्या पुलडाउनने शून्यावर ठेवले. एक इनपुट हाय, दुसरे लो: हा 'उघड' हुकूमच झाला, आणि तो कुठल्याही कोडने दिलेला नव्हता.

पल्स किती लांबला

पुढचा प्रश्न असा की जुन्या फर्मवेअरमध्येही पीबी4 हीच पिन होती, मग तेव्हा व्हॉल्व्ह का उघडला नाही? याचे उत्तर वेळेत आहे.

लॅचिंग व्हॉल्व्हचा प्लंजर हलायला काही दशक मिलिसेकंदांचा पल्स लागतो. या व्हॉल्व्हला 50 मिलिसेकंद दिले जात होते. जुन्या आवृत्तीत पॉवर आल्यापासून ड्रायव्हरने पीबी4 शून्यावर ओढेपर्यंतचा काळ त्याहून बराच कमी होता. कॉइलला झटका बसायचा, पण प्लंजर पलटत नव्हता. दोष पहिल्या दिवसापासून बोर्डात होता, फक्त त्याला पुरेसा वेळ मिळत नव्हता.

बूटलोडर आला आणि हा काळ वाढला. एमसीयूबूट मुख्य इमेजला उडी मारण्याआधी फ्लॅशमधली पूर्ण इमेज वाचून तिचा हॅश काढतो आणि सही तपासतो. एवढ्याने सेकंदाचा मोठा हिस्सा जाऊ शकतो. त्यात घड्याळाच्या क्रिस्टलची भर. एसटीएम32एफ4 च्या डेटाशीटमध्ये कमी गतीच्या बाहेरील क्रिस्टलला स्थिर व्हायला ठरावीक 2 सेकंद दिले आहेत, आणि झेफरचा क्लॉक ड्रायव्हर तो स्थिर होईपर्यंत थांबून राहतो. हा ड्रायव्हर जीपीआयओच्याही, म्हणजे साध्या इनपुट-आउटपुट पिनांच्या ड्रायव्हरच्याही, आधी चालतो. बोर्डवरचा नाणे-सेल चांगला असेल तर लाइट गेल्यावरही क्रिस्टल चालूच राहतो आणि हे थांबणे होत नाही. सेल उतरला असेल तर दर वेळी थंड सुरुवात. एकाच फर्मवेअरचे दोन डबे वेगवेगळे का वागतात, या गोंधळाचा उलगडा इथे झाला: मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापलेल्या डब्यातला सेल आधी उतरला होता.

बूट होईपर्यंत कॉइलमधून सलग करंट जातो, हेही लक्षात घ्यावे. 6 ओहमची कॉइल 12 व्होल्टवर 2 अँपिअर ओढते, म्हणजे 24 वॅट. पल्ससाठी बनवलेल्या कॉइलला हे सेकंद-दोन सेकंद सोसते. बूटलोडरला चांगली इमेज सापडली नाही आणि तो तिथेच थांबला, तर मात्र कॉइल जळेल.

रजिस्टरमध्ये हेच कसे दिसते

डीबगर 'रिसेटखाली जोडणी' या पद्धतीने जोडला तर पहिली सूचना चालण्याआधीच, डीबगरमधून पोर्ट बी चा क्लॉक चालू करून, त्याची रजिस्टरे (पिनांची मांडणी ठरवणारे चिपमधले कप्पे) वाचता येतात. पोर्ट बी चा पाया हेक्स 40020400. पहिलेच रजिस्टर मोडचे, आणि त्यात रिसेटची किंमत हेक्स 280 मिळते.

हे 280 उलगडून पाहण्यासारखे आहे. मोड रजिस्टरमध्ये प्रत्येक पिनला दोन बिट: 00 म्हणजे इनपुट, 01 आउटपुट, 10 पर्यायी फंक्शन, 11 ॲनालॉग. हेक्स 280 म्हणजे बिट 9 आणि बिट 7 चढलेले. बिट 9-8 ही पीबी4 ची जोडी, बिट 7-6 ही पीबी3 ची. दोन्हींत 10, म्हणजे पर्यायी फंक्शन. पर्यायी फंक्शनचे रजिस्टर पूर्ण शून्य, आणि शून्य क्रमांकाचे फंक्शन म्हणजे सिस्टीम, अर्थात जेटॅग. पुलअपच्या रजिस्टरमध्ये हेक्स 100: बिट 9-8 मध्ये 01, पीबी4 वर पुलअप. मल्टीमीटरने जे सांगितले तेच चिपने स्वतःच्या आकड्यांत सांगितले.

पोर्ट ए चे मोड रजिस्टर रिसेटला हेक्स A8000000 असते, त्यात 13, 14 आणि 15 या पिना तशाच अडकलेल्या दिसतात. नवीन बोर्डची आखणी करणाऱ्याने स्कीमॅटिक काढण्याआधी हे दोन आकडे कागदावर उलगडून बघावेत, दहा मिनिटांचे काम आहे.

पहिला उपाय: रेझिस्टर

पॉवर चढत असताना आणि रिसेट धरलेला असताना सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. तेवढ्या काळासाठी पिन बाहेरून बांधून ठेवावी लागते. प्रश्न फक्त किती ओहमचा पुलडाउन लावायचा हा. 'दहा के टाका' असे सवयीने म्हटले जाते, आणि इथे ते पुरत नाही.

एच-ब्रिज 0.5 व्होल्टच्या खाली निश्चित 'लो' धरतो. आतला पुलअप सर्वांत वाईट स्थितीत 30 किलोओहम असू शकतो. ब्रिजमधला 100 किलोओहम बाहेरच्या रेझिस्टरला समांतर येतो. या तीन गोष्टी धरून पीबी4 वरचे व्होल्टेज असे येते:

| बाहेरचा पुलडाउन | पुलअप 40 के असताना | पुलअप 30 के असताना |
|---|---|---|
| नाही | 2.36 | 2.54 |
| 47 के | 1.47 | 1.70 |
| 10 के | 0.61 | 0.77 |
| 4.7 के | 0.33 | 0.43 |

10 के टाकले तर व्हॉल्व्ह बहुधा उघडणार नाही, पण 0.61 हा ना निश्चित लो ना निश्चित हाय अशा पट्ट्यात पडतो. तापमान बदलले, बोर्ड बदलला, की भरवसा गेला. 4.7 के ला सगळ्या स्थितीत आकडा 0.5 च्या खाली राहतो. पिन हाय करताना या रेझिस्टरमधून पाऊण मिलिअँपिअरही जात नाही, तेव्हा ती बाजूही सुरक्षित आहे. शेतात बसलेल्या बोर्डांवर एच-ब्रिजच्या इनपुट पिनपासून ग्राउंडपर्यंत 4.7 किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर केला. तो कंट्रोलरच्या बाजूला न लावता ब्रिजच्या बाजूला लावावा, म्हणजे मधला ट्रॅक किंवा कनेक्टर सुटला तरी ब्रिजचे इनपुट खालीच राहते.

दुसरा उपाय आणि त्याने उघडा पाडलेला दुसरा दोष

रेझिस्टरबरोबर सॉफ्टवेअरमध्येही पीबी4 लवकरात लवकर ताब्यात घ्यायचे ठरले. व्हॉल्व्हचा ड्रायव्हर तोपर्यंत झेफरच्या ॲप्लिकेशन टप्प्यात, म्हणजे अगदी शेवटी, सुरू होत होता. तो उचलून कर्नलपूर्व (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा उभा राहण्याआधीच्या) पहिल्या टप्प्यात, जीपीआयओ ड्रायव्हरच्या लगेच मागे ठेवला. लहान आकडा आधी चालतो; जीपीआयओचा अग्रक्रम 40 आहे, म्हणून व्हॉल्व्हचा 41.

रेझिस्टर लावलेला हा बोर्ड पॉवरवर अगदी शांत उठला. पण आता तीन नंबर हुकूम दिला तरी ना उघडे, ना बंद होई. बाकीचे तीन व्यवस्थित. ब्रिज गेला असावा असे वाटून तो बदलला गेला, आणि तरीही तेच. इथे घाईने पार्ट बदलणे ही चूक होती. दोन रजिस्टरे वाचली असती तर ब्रिज वाचला असता.

झेफरच्या शेलमध्ये मेमरी वाचण्याची डेव्हमेम कमांड चालू करता येते. तिने चालत्या बोर्डवर पोर्ट बी चे मोड रजिस्टर वाचले. पीबी4 आणि पीबी5 दोघींच्या जोडीत 10. आउटपुटसाठी तिथे 01 हवे होते. पायापासून हेक्स 20 अंतरावरचे पर्यायी फंक्शनचे रजिस्टर वाचले तर दोन्ही पिनांच्या चार-चार बिटांत 5. या चिपमध्ये पाच क्रमांकाचे फंक्शन म्हणजे एसपीआय1.

बोर्डवर एसपीआय1 ला काहीही जोडलेले नाही. मग तो कुठून आला? डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडले आहे हे नोडनोडने सांगणाऱ्या फाइलमधून. या बोर्डची फाइल एका चाचणी बोर्डच्या फाइलची नक्कल करून बनवली होती. त्या बोर्डवर फ्लॅश एसपीआय1 वर, पीबी3, पीबी4 आणि पीबी5 ला होती. नवीन बोर्डवर फ्लॅश एसपीआय2 वर गेली, तिचा नवा नोड लिहिला गेला, आणि जुन्या एसपीआय1 च्या नोडची अवस्था 'ओके' अशीच राहून गेली.

झेफरमध्ये पेरिफेरलचा ड्रायव्हर सुरू होताना स्वतःच्या नोडमधली 'डिफॉल्ट' पिन-अवस्था पिनकंट्रोलमार्फत लागू करतो. त्या यादीत ज्या पिना असतील त्यांचे मोड, पर्यायी फंक्शन, पुलअप सगळे लिहिले जाते. ती पिन आधी कोणी घेतली आहे का, हे तिथे तपासले जात नाही. मालकीची नोंद ठेवायला मेमरी लागते, आणि छोट्या चिपसाठी ती टाळलेली आहे. जो शेवटी लिहील त्याची पिन. लिनक्समध्ये पिनकंट्रोल मालकीची नोंद ठेवतो. तिथे दुसऱ्या ड्रायव्हरने तीच पिन मागितली तर ती आधीच घेतलेली असल्याचा संदेश येतो आणि ड्रायव्हर उभाच राहत नाही. लिनक्सवरून झेफरकडे येणारा माणूस याच ठिकाणी फसतो, कारण त्याला त्या संदेशाची सवय असते.

आधी व्हॉल्व्हचा ड्रायव्हर शेवटी चालत होता, म्हणून एसपीआय1 ने घेतलेली पिन तो परत मिळवत होता. त्याला पुढे आणताच क्रम उलटला: व्हॉल्व्हने पिन आउटपुट केली, नंतर कर्नलोत्तर टप्प्यात एसपीआय1 आला आणि ती घेऊन गेला. पुढे व्हॉल्व्ह ड्रायव्हर आउटपुट रजिस्टरमध्ये 1 लिहितो, फंक्शन शून्य परत देते म्हणजे 'यशस्वी' म्हणते, पण मोडच्या बिटांमुळे ते 1 पिनपर्यंत पोहोचतच नाही. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही.

दुरुस्ती एका ओळीची: एसपीआय1 नोडची अवस्था 'डिसेबल्ड'. बूटलोडरही झेफरवरच उभा आहे आणि तोच बोर्ड वापरतो, म्हणून मूळ बोर्ड फाइलमध्येच ती ओळ बदलली. ॲप्लिकेशनच्या ओव्हरलेमध्ये (मूळ बोर्ड फाइलवर चढवल्या जाणाऱ्या बदलांच्या फाइलमध्ये) बदलली असती तर बूटलोडरच्या बिल्डला तो बदल कळलाच नसता.

बूटलोडरच्या आधी पिन पकडायची असेल तर

ड्रायव्हर 41 वर आणला तरी बूटलोडर आणि क्रिस्टलचे थांबणे त्याच्या आधीच आहे. तो काळ रेझिस्टर सांभाळतो. तरी दुहेरी बंदोबस्त हवा असेल तर बूटलोडरच्या बिल्डमध्ये रिसेट हुक, म्हणजे रिसेटनंतर लगेच चालणारे फंक्शन, वापरता येतो. तो क्लॉक ड्रायव्हरच्याही आधी चालतो. डिव्हाइस ट्रीतला जीपीआयओ हॉग (बूट होताना पिनची स्थिती ठरवून देणारी नोंद) वाचायला सुटसुटीत असतो, पण तो कर्नल उभा राहिल्यावर लागू होतो, या कामाला उशिराचा आहे.

रिसेट हुकमध्ये झेफरचे कुठलेही ड्रायव्हर नसतात, रजिस्टर थेट लिहावे लागते आणि तिथे क्रम महत्त्वाचा. प्रथम क्लॉकच्या एएचबी1 सक्षम रजिस्टरमधला बिट 1 चढवून पोर्ट बी ला क्लॉक द्यायचा. लगेच तेच रजिस्टर एकदा वाचायचे. क्लॉक पोहोचायला दोनेक सायकल जातात आणि त्या आधीचे लिखाण हरवते. मग बिट सेट-रिसेट रजिस्टरचा बिट 20 लिहून पीबी4 चे आउटपुट शून्य ठरवायचे. त्यानंतर पुलअप काढायचा. आणि सर्वांत शेवटी मोडच्या बिट 9-8 मध्ये 01. मोड आधी बदलला तर आउटपुट रजिस्टरमध्ये जे पडलेले असेल ते क्षणभर बाहेर येते. थंड सुरुवातीला तिथे शून्यच असते, पण बूटलोडरमधून आलेल्या ॲप्लिकेशनने तसे गृहीत धरू नये.

हाच क्रम ड्रायव्हरमध्ये जीपीआयओ कॉन्फिगर करताना झेफर स्वतः पाळतो, मात्र त्यासाठी फक्त 'आउटपुट' असे न सांगता 'आउटपुट, निष्क्रिय' असा ध्वज द्यावा लागतो. डिव्हाइस ट्रीत पिन ॲक्टिव्ह-लो (शून्य व्होल्टला सक्रिय) लिहिली असेल तर 'निष्क्रिय' म्हणजे 3.3 व्होल्ट, हेही तपासून घ्यावे.

व्हॉल्व्हची खरी स्थिती

पिन आता शांत आहे, तरी लॅचिंग व्हॉल्व्हची एक अडचण उरते. लाइट सिंचन चालू असताना गेली तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि उठलेल्या कंट्रोलरला ते माहीत नसते. म्हणून ड्रायव्हर सुरू झाल्यावर चारही व्हॉल्व्हना 'बंद' पल्स देतो: एकेकाला 50 मिलिसेकंद, दोन पल्समध्ये 200 मिलिसेकंदांचे अंतर, म्हणजे पुरवठ्याचा कॅपॅसिटर पुन्हा भरतो. चारही एकदम दिले तर 12 व्होल्टची लाइन खचते, मायक्रोकंट्रोलर पुन्हा रिसेट होतो आणि तेच चक्र फिरत राहते. हे पल्स पाठवण्याचे काम कर्नल उभा राहिल्यावर वेगळ्या थ्रेडमध्ये ठेवले आहे. कर्नलपूर्व टप्प्यात झोप घेता येत नाही.

फक्त हा 'बंद' पल्स घालून मूळ तक्रार मिटवता आली असती, आणि तसे सुचवलेही गेले होते. ते बरोबर झाले नसते. दर वेळी लाइट आल्यावर व्हॉल्व्ह उघडून पुन्हा मिटला असता, मोटार त्याच क्षणी सुरू होत असल्याने लाइनमध्ये पाण्याचा ठोका बसला असता, आणि बूट अडकल्यास कॉइल जळण्याचा धोका तसाच राहिला असता.

तपासणी आणि पुढच्या बोर्डची आखणी

बिल्ड झाल्यावर झेफर सगळे ओव्हरले मिळवून एकच अंतिम डिव्हाइस ट्री बिल्डच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. त्यातून दोन याद्या काढणारी छोटी स्क्रिप्ट बिल्डला जोडली आहे: 'ओके' असलेल्या प्रत्येक नोडच्या पिनकंट्रोलमधल्या पिना, आणि जीपीआयओ म्हणून मागितलेल्या पिना. एकच पिन दोनदा आली की बिल्ड थांबते. पहिल्याच धावेत तिने आणखी एक दुहेरी मागणी दाखवली, यूएसएआरटी2 च्या हार्डवेअर आरटीएसला (डेटा पाठवण्याचे नियंत्रण करणाऱ्या लाइनला) दिलेली पीए1. आरएस-485 ची दिशा तीच पिन जीपीआयओ म्हणून बदलत होती. ती अजून बिघडली नव्हती, कारण तिथे योगायोगाने जीपीआयओ शेवटी लिहीत होता.

डबा शेतात नेण्याआधी नाणे-सेल काढून, रिले टायमरने 12 व्होल्टचा पुरवठा पन्नास वेळा तोडायचा आणि जोडायचा, प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद बंद ठेवून. प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी दोन दिशांचे दोन एलईडी लावले की एखादाही नको असलेला 'उघड' झटका डोळ्यांना दिसतो. बूट झाल्यावर 'बंद'चे चार झटके दिसायला हवेत, त्याआधी काहीही नाही.

पुढच्या बोर्डवर पीबी4 व्हॉल्व्हला दिलेली नाही. तिच्यावर पुलअप असतोच, तर ज्याला पुलअप लागतो त्यालाच ती दिली: वॉटर मीटरच्या रीड स्विचला (चुंबकाने चालणाऱ्या स्विचला). टायमर 3 चा पहिला चॅनल त्या पिनवर दोन क्रमांकाच्या फंक्शनने मिळतो, त्यामुळे पल्स मोजायची सोयही झाली. पीबी5 मोकळी ठेवली. तीन नंबरचा 'उघड' पीबी8 वर आणि 'बंद' पीबी9 वर गेला. या दोन्ही रिसेटला साध्या तरंगत्या इनपुट असतात. पीबी2 मोकळी दिसत होती, पण ती बूट निवडीची दुसरी पिन आहे आणि रिसेटच्या क्षणी वाचली जाते, म्हणून तिला हात लावला नाही. पीसी13 ला 3 मिलिअँपिअरचीच मर्यादा आहे, तिथे दिव्याचे काम दिले. आठही 'उघड' आणि 'बंद' ट्रॅकवर आता ब्रिजजवळ 4.7 किलोओहम छापील आहेत, पुलअप असो वा नसो.